पायाळूचा पाय

वत्सलाबाई पायाळू होत्या. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याने येण्याऐवजी पायांनी आल्या. यात त्यांचं स्वतःचं कर्तृत्व काहीच नव्हतं, पण मखमलाबादच्या त्या गल्लीत त्यांना जो मान होता तो शिकल्यासवरल्या माणसालाही मिळाला नसता. कुणाच्या पाठीत उसण भरली, कुणाची कंबर धरली, कुणाची मान अवघडली, की माणूस आधी वत्सलाबाईंच्या ओट्यावर यायचा, त्यांच्याकडे पाठ करून बसायचा आणि म्हणायचा, "काकू, पाय लावा." वत्सलाबाई भिंतीला हात टेकून उजवा पाय उचलायच्या, दुखऱ्या जागी टेकवायच्या, जरासा दाब द्यायच्या. असं तीनदा. माणूस उठून हात वर-खाली करून बघायचा आणि "गेली हो काकू!" म्हणत चालू लागायचा.

लहानपणी नांदगावकडच्या माहेरी आभाळ गडगडलं की त्यांची आई त्यांना घराच्या आतल्या खोलीत दडवून ठेवायची. वीज पायाळूला हुडकत येते म्हणे. वीज काही आली नाही. उसण भरलेली माणसं मात्र जन्मभर हुडकत आली. आता मखमलाबादला द्राक्षाच्या बागा हटून रो-हाउसं उभी राहिली, गल्लीत नव्या नव्या गाड्या लागायला लागल्या, तरी त्या गाड्यांतली पोरं दिवसभर कॉम्प्युटरपुढे मान वाकवून संध्याकाळी ओट्यावर यायचीच. वरून हसायची, आणि पाय लावून घ्यायची. वत्सलाबाईंना ते हसणं आवडायचं. आपल्या पायात खरंच काही असेल की नाही याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता. गुण येतो ना? मग झालं.

पण त्यांचं सगळ्यात हक्काचं गिऱ्हाईक म्हणजे त्यांची थोरली जाऊ, सगुणाबाई. वत्सलाबाई त्यांना आक्का म्हणायच्या. दोघा भावांनी शेजारी शेजारी घरं बांधली तेव्हा थोरले चिमाजी मागच्या अंगणात मधोमध भिंत घालायला निघाले होते. दोघी जावा पदर खोचून विटांपुढे उभ्या राहिल्या. भिंत घालायची राहिली ती राहिलीच. पुढे वत्सलाबाईंचे यजमान बहिरू गेले, लेक रोहित नोकरीला पुण्याला गेला, तेव्हा त्या न घातलेल्या भिंतीने वत्सलाबाईंना जगवलं. सकाळचा चहा आक्कांच्या घरी, दुपारचं निवडणं-टिपणं वत्सलाबाईंच्या ओट्यावर, असा त्यांचा दिवस जायचा.

आक्कांना पाय लावायचा म्हणजे एक अडचण होती. थोरल्या माणसाला पाय लागणं हे पाप. म्हणून वत्सलाबाईंनी स्वतःच एक रीत पाडली होती. आधी पाठीला तीनदा पाय लावायचा आणि मग वळून समोर यायचं, खाली वाकायचं, आक्कांच्या पायांवर डोकं टेकायचं. आक्का दर वेळी हसायच्या. "आधी लाथ, मंग नमस्कार! आशी जाऊ कोणाला मिळंल गं?" आणि वत्सलाबाईंच्या डोक्यावर हात ठेवायच्या.

त्या वर्षी चैत्र चांगलाच तापला होता. कुरडयांसाठी गहू भिजत घातले होते. दोन्ही घरांच्या कुरडया एकत्रच व्हायच्या, आक्कांच्या गच्चीवर. गहू भिजले, दळले, चीक निवळत ठेवला, तोवर एक गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांपुढे घडत होती. आक्का थकत होत्या. गव्हाची बादली घेऊन गच्चीवर निघाल्या आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून राहिल्या. दुपारी कधी पाठ न टेकणारी बाई दुपारी झोपायला लागली. भाजी निवडता निवडता हात थांबायचा.

हे काही लपून घडलं नाही. चिमाजी म्हणाले, "ऊन लय हाय यंदा." त्यांचा मुलगा शेखर म्हणाला, "साखर वाढली असंल, गोळी बदलून आणू." आक्कांना साखरेचा आजार होता, त्याची गोळी त्या घ्यायच्या, आठवली की. वत्सलाबाई म्हणाल्या, "वय झालं आता आपलं, आक्का." घरातल्या बाईच्या दुखण्याला कारण शोधायला कुणालाच कष्ट पडत नाहीत, ते आधीपासून तयारच असतं.

आणि याच घराने चिमाजींच्या वेळी काय केलं होतं? वर्षभरापूर्वी एका दुपारी चिमाजी ताटावरून उठले आणि छातीवर हात दाबून म्हणाले, "कसंतरी होतंय." बस. शेखरने गाडी काढली, आक्का अनवाणीच गाडीत बसल्या, गल्लीतली माणसं रस्ता मोकळा करायला पुढे धावली. दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या आणि निघालं काय, तर पित्त. तरी कुणी म्हणालं नाही की उगाच नेलं. "वेळेवर नेलं ते बरं केलं," असंच जो तो म्हणाला. पुढे कितीतरी दिवस आक्का त्यांच्यासाठी वेगळी, बिनतिखटाची भाजी करत होत्या. हार्ट अटॅक म्हणजे पुरुषमाणूस छाती धरून खाली बसतो, हे टीव्हीने सगळ्या गल्लीला शिकवून ठेवलं होतं. बाईचं काय होतं हे टीव्हीने दाखवलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

कुरडयांच्या दिवशी दोघी उजाडताच गच्चीवर होत्या. चुलीवर मोठ्या पातेल्यात चीक शिजत होता. आक्का लाकडी दांड्याने घोटत होत्या आणि वत्सलाबाई चिकाची धार सोडत होत्या. चीक घोटणं म्हणजे सोपं काम नाही. तो एकदा आळायला लागला की दांडा धरून ठेवतो, अंगातली सगळी ताकद काढून घेतो. शिजला, तसा दोघींनी वाटीवाटी गरम चीक दूध-साखर घालून खाल्ला. तोही दरवर्षीचा रिवाज. मग प्लॅस्टिकचा कागद अंथरला, सोऱ्या भरला आणि आक्का कुरडया घालायला बसल्या. त्यांच्या हातची कुरडई कशी गोल, जाळीदार पडायची! एकीसारखी दुसरी.

थोड्याच कुरडया झाल्या असतील. आक्कांनी सोऱ्या खाली ठेवला.

"काय झालं?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"पाठीत धरलंय गं. हितं, दोन्ही खांद्यांच्या मधी." आक्कांनी हात मागे नेऊन दाखवायचा प्रयत्न केला. "न् ही डावी दाढ बी ठणकाया लागलीय सकाळधरनं."

"सोऱ्या दाबून भरलं असंल. उसण हे ती."

"मळमळतंय बी."

"रिकाम्या पोटी चीक खाल्ला ना. आन् त्यात दूध."

घामही आला होता आक्कांना. पण चुलीपाशी कुणाला येत नाही? वत्सलाबाईंनाही आला होता. पाठ दुखते तर सोऱ्या, दाढ दुखते तर दाढच, मळमळतं तर चीक, घाम येतो तर चूल. एकेकाला एकेक उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तर वत्सलाबाईंनी इतक्या चटकन दिलं की प्रश्न उरलाच नाही.

तेवढ्यात योगिनी, आक्कांची सून, जिना चढून वर आली. ती शाळेत शिकवायची. निघायची घाई होती, हातात स्कूटरची किल्ली होती, खांद्याला पर्स होती. सासूकडे बघून ती थबकली.

"आई, तुमचं तोंड किती उतरलंय! काय होतंय?"

"काय नाय. पाठीत भरलंय."

"चला माझ्याबरोबर. जाता जाता दवाखान्यात दाखवू. मी शाळेत फोन करते, उशीर होईल म्हणून."

आक्कांनी पातेल्यातल्या गरम चिकाकडे पाहिलं. चीक गार झाला की सोऱ्यातून उतरत नाही, सगळी मेहनत वाया जाते. मग त्यांनी वत्सलाबाईंकडे पाहिलं. आता कसं करायचं, असं विचारावं तसं.

आणि वत्सलाबाई म्हणाल्या, "अगं, उसणीला डाक्टर काय करणार? सुई टोचंल न् बस म्हणंल घरी. तू जा शाळंत, पोरी. मी हाय ना."

मी हाय ना. हे तीन शब्द पुढे वत्सलाबाईंच्या कानात असे काही बसणार होते की त्यांना स्वतःचाच आवाज नकोसा व्हावा. पण त्या क्षणी त्या शब्दांत नुसती माया होती, आणि थोडासा अभिमान. योगिनी जिन्याच्या तोंडाशी घुटमळली. "नक्की ना, काकू?" असं विचारलं. "नक्की," वत्सलाबाई म्हणाल्या. योगिनी गेली. खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला आणि गल्लीच्या टोकाला विरून गेला.

आक्का पाठ करून बसल्या. वत्सलाबाईंनी कठड्याला हात टेकला, पाय उचलला. पोलकं घामाने पाठीला चिकटलं होतं, ते पायाला ओलं, गार लागलं. एकदा, दोनदा, तीनदा. आक्कांनी मोठा श्वास सोडला.

"हलकं वाटलं गं जरा."

"बघा! म्हनलं नव्हतं?"

मग रिवाजाप्रमाणे वत्सलाबाई वळसा घालून पुढे आल्या आणि आक्कांच्या पायांवर डोकं टेकलं. आक्कांचे पाय गार होते. चैत्रातल्या गच्चीवर, जिथे फरशी तापायला लागली होती, तिथे आक्कांचे पाय हौदातून काढल्यासारखे गार आणि ओले होते. हे वत्सलाबाईंना जाणवलं. जाणवलं नाही असं त्या पुढे कधीही म्हणू शकल्या नाहीत. चिकाचं पाणी सांडलं असेल असं वाटून त्यांनी पदराने ते पाय पुसले.

"आधी लाथ, मंग नमस्कार," आक्का म्हणाल्या. आवाज बारीक होता. डोक्यावर हात ठेवला तोही हलकाच.

उरलेल्या कुरडया वत्सलाबाईंनी घातल्या. वेड्यावाकड्या पडल्या. आक्का कठड्याच्या सावलीला बसून बघत होत्या आणि म्हणत होत्या, "आगं, हात फिरीव जरा, हात फिरीव!" दोघी हसल्या. काम संपल्यावर आक्का जिन्याचा कठडा धरून हळूहळू खाली उतरल्या आणि "जरा पडते" म्हणून मागच्या पडवीतल्या बाजेवर आडव्या झाल्या.

वत्सलाबाईंनी घरी जाऊन आंघोळ केली, भात टाकला, आलं-लिंबाचं पाणी करून तांब्या झाकून घेतला आणि अंगण ओलांडून आल्या. आक्का बाजेवर उठून बसल्या होत्या. आडवं होता येत नव्हतं त्यांना. तोंडाचा रंग राखेसारखा झाला होता, कपाळावरून घाम निथळत होता, आणि दम असा लागला होता की जणू आत्ताच कुठून तरी धावत आल्या आहेत.

"वत्सले," त्या म्हणाल्या, "दम पुरंना गं. परत लाव पाय."

वत्सलाबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. काहीतरी चुकतंय हे त्यांना त्या वेळी कळलं होतं. पण आक्का पाठ वळवून बसल्या होत्या, लहान मुलीने वेणी घालून घ्यायला बसावं तशा. त्यांचा एवढा विश्वास होता. वत्सलाबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि त्या पाठीला पुन्हा पाय लावला.

दुसऱ्यांदा टेकवला तेव्हा आक्का पुढे वाकल्या, उलटी झाली आणि त्या बाजेवरून कलल्या.

मग सगळं झालं, जे सकाळी व्हायला हवं होतं. वत्सलाबाईंची किंकाळी ऐकून चिमाजी धावले, शेखर त्याच्या दुकानातून आला, गाडी निघाली. वत्सलाबाई मागे आक्कांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मखमलाबाद नाक्यावर गाड्या अडल्या होत्या. शेखर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. आक्कांचे डोळे मिटत होते, उघडत होते. एकदा उघडले तेव्हा त्या म्हणाल्या, "कुरडया... वर हायेत. पाखरं..." तेवढंच. तेच शेवटचं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने आणि तिच्या माणसांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. दार बंद होतं. आत काय चाललंय ते कळत नव्हतं. मग ती बाहेर आली, तोंडावरचा मास्क खाली केला, आणि सांगायच्या आधीच चिमाजी खाली बसले.

"हार्ट अटॅक होता, मोठा," ती शेखरला म्हणाली. "कधीपासून त्रास होत होता त्यांना?"

"सकाळपासून. पण छातीत नव्हतं दुखत, मॅडम. छातीत काहीच नव्हतं. पाठीत होतं."

"पाठीत. अजून?"

"दाढ दुखत होती म्हणे. मळमळत होतं." शेखर चाचरला. "थकली होती मागच्या काही दिवसांपासून."

डॉक्टरीण हळू आवाजात म्हणाली, "बायकांच्यात पुष्कळदा असंच येतं. छातीत कळ असते, नाही असं नाही, पण कधी नुसती पाठ धरते, जबडा दुखतो, दम लागतो, घाम सुटतो, मळमळतं. आधी काही दिवस नुसता थकवाच असतो. त्यातून डायबेटिस असला तर कळ कळतच नाही नीट. आणि दुखणं मध्येच कमी होतं, माणसाला वाटतं, बरं वाटायला लागलं. सकाळीच आणलं असतं तर..." ती थांबली. चांगली मुलगी होती, वाक्य पुरं केलं नाही. "उसण वाटली का तुम्हाला?"

"हो," शेखर म्हणाला. "उसणच वाटली."

कुणी वत्सलाबाईंकडे पाहिलं नाही. शेखरने नाही, चिमाजींनी नाही, शाळेतून धावत आलेल्या योगिनीने नाही. एखाद्याने रागाने पाहिलं असतं तर त्यांना आधार वाटला असता. त्यांनी बाकाखाली आपला उजवा पाय मागे ओढून घेतला.

आक्कांना घरी आणलं. न्हाऊ घातलं, नवं हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. सवाष्ण गेली, भाग्याची गेली, असं जमलेल्या बायका म्हणत होत्या. शेवटचा नमस्कार करायला एकेक जण पुढे जात होती. वत्सलाबाईंची पाळी आली तेव्हा त्या वाकल्या आणि त्यांनी डोकं टेकलं. पाय गार होते. सकाळी होते तेवढेच गार. एवढाच गारवा सकाळी कपाळाला लागला होता आणि आपण तो पदराने पुसून टाकला. त्या तिथून उठेनात. दोघीतिघींनी धरून उठवलं तेव्हा त्या ओरडल्या, "आवं, मला लाथ घाला कोणीतरी! मला घाला!" बायकांना वाटलं, दुःखाने बोलताहेत.

त्यानंतर वत्सलाबाईंनी पाय लावणं सोडलं. कुणी आलं की "गुडघा दुखतो माझा" म्हणायच्या आणि आत जायच्या. गच्चीवरच्या कुरडया योगिनीने उचलून डब्यात भरून ठेवल्या. गोल जाळीदार वर, वेड्यावाकड्या खाली. त्या तळायला कुणी काढल्या नाहीत. चिमाजी दिवसभर पडवीत रिकाम्या बाजेसमोर बसून असायचे. कधी कधी छातीवर हात ठेवून म्हणायचे, "माझ्या वेळंला ही चपला बी घालाया थांबली नव्हती."

योगिनी आणि वत्सलाबाई एकमेकींना टाळत होत्या. अंगण एकच होतं, तरी जमत होतं. मग एका दुपारी योगिनी आपणहून आली, ओट्यावर बसली आणि म्हणाली, "काकू, किल्ली माझ्या हातात होती."

"काय?"

"त्या दिवशी. स्कूटरची किल्ली माझ्या हातात होती. मला दिसलं होतं त्यांचं तोंड. मी हाताला धरून का नाही नेलं त्यांना? शाळेला उशीर झाला असता, एवढंच ना?"

"मी धाडलं तुला. मी म्हनलं, मी हाय ना."

"तुम्ही म्हणालात, आणि मला ते ऐकायचंच होतं," योगिनी म्हणाली आणि वत्सलाबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. वत्सलाबाई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. रडू त्यांनाही येत होतं, पण त्यांच्या मनात एक गोष्ट अडकली होती आणि ती त्यांनी तिथे पहिल्यांदा बोलून दाखवली. "पाय लावताना मानसाचं तोंड दिसत नाय गं, योगिनी. पाठच दिसती. तुला तोंड दिसलं. मला आख्खा वेळ नुसती पाठ दिसत होती."

पावसाळा सरत आला तेव्हा ठकूबाई आल्या. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, आक्कांच्याच वयाच्या, तोंडाने फटकळ. त्यांचा मुलगा राजू त्यांना मोटारसायकलवरून घेऊन आला होता. ठकूबाई ओट्यावर बसल्या आणि त्यांनी पाठ फिरवली.

"गुडघा-बिडघा काय सांगू नको मला. पाठीत लय भरलंय. लाव पाय."

वत्सलाबाईंचा पाय, जुनी सवय, जमिनीपासून सुटलासुद्धा. त्यांनी तो खाली ठेवला. मग वळसा घालून पुढे आल्या आणि ठकूबाईंच्या समोर जमिनीवर बसल्या. त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"काय बघती? भूत बघितल्यावानी?"

"दम लागतो का, ठकूबाई? जिना चढताना?"

"या वयात कोणाला लागत नाय?"

"दाढ? घाम? थकल्यासारखं होतं का हल्ली?"

ठकूबाईंनी तोंड वाकडं केलं. थोडं होतं म्हणाल्या. सगळ्यांनाच होतं म्हणाल्या.

वत्सलाबाई उठल्या आणि अंगणातून मोठ्याने हाक मारली, "योगिनी! किल्ली घे!" रविवार होता, योगिनी घरीच होती. ती गाडीची किल्ली घेऊन धावत आली. काय झालं म्हणून तिने विचारलंसुद्धा नाही.

राजू वैतागला. "अहो काकू, साधी उसण आहे. काल पाण्याचा हंडा उचलला तिने. तुम्ही पाय लावा ना दोन मिनिटं, मला आज रविवारीही कामावर जायचंय."

"पाय लावाया मी हाय," वत्सलाबाई म्हणाल्या. "मी कुठं पळून चालले? पर आधी दवाखाना. न् आत्ता."

त्याच दवाखान्यात गेले सगळे. ठकूबाई वाटभर कुरकुरत होत्या, छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढणाऱ्या मुलीलाही दोन शब्द सुनावून आल्या. मग रक्त तपासलं, पुन्हा पट्टी काढली, बसवून ठेवलं. वत्सलाबाई त्याच बाकावर बसल्या होत्या. अखेर डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, हृदय ठीक आहे, स्नायू आखडलाय, हंडे उचलू नका.

"बघा!" राजू म्हणाला. "अख्खी सकाळ गेली. काहीच नाही निघालं."

"काहीच नाय निघालं?" वत्सलाबाईंनी डॉक्टरांना पुन्हा विचारलं.

"काही नाही, आजी. घाबरू नका."

वत्सलाबाईंनी तोंडावर पदर घेतला आणि त्या हमसून हमसून रडल्या. आक्कांना नेलं त्या दिवशीही त्या अशा रडल्या नव्हत्या. राजू गोंधळला. योगिनीला मात्र कळलं, आणि ती त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. एवढंच तर हवं होतं. आक्कांना स्कूटरवर बसवून आणलं असतं, चीक गार झाला असता, सोऱ्यात अडकला असता, सगळा फेकावा लागला असता. आणि काहीच निघालं नसतं तर जन्मभर आक्कांनी चिडवलं असतं, तुझ्यापायी सालभराच्या कुरडया गेल्या म्हणून. आणि निघालं असतं, तरी चिडवलं असतं.

गल्लीत बातमी आधीच पोहोचली होती. वत्सलाबाईंनी उसणीला दवाखाना दाखवला म्हणून ओट्याओट्यांवर हसणं चाललं होतं. वत्सलाबाईंनी ते ऐकलं. हसू देत, म्हणाल्या.

ठकूबाई गाडीतून उतरल्या त्या सरळ पुन्हा ओट्यावर येऊन बसल्या आणि पाठ फिरवली. "आता तर डाक्टरच म्हनला ना उसण? मंग? लाव आता पाय."

वत्सलाबाई त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. भिंतीला हात टेकला. समोर ठकूबाईंची पाठ होती, रुंद, निवांत, विश्वासाने पुढे केलेली. पाय चार बोटं उचलला गेला आणि तिथेच राहिला. पुढे जाईना. त्यांनी तो खाली घेतला, वळसा घालून समोर आल्या, गुडघे टेकून बसल्या आणि ठकूबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अगं बाई! आज आधी नमस्कार?" ठकूबाई म्हणाल्या. गल्लीत सगळ्यांनाच ती रीत ठाऊक होती.

ठकूबाईंचे पाय कोरडे होते, भेगाळलेले होते, आणि चांगले ऊन ऊन होते. वत्सलाबाईंनी ते दोन्ही हातांत धरले होते, आणि त्यांना ते सोडवत नव्हते.